जोडीनं झिजलेलं

पावसाआधीच्या शेवटच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी उरकून मी डिचोलीच्या वाटेला लागले तेव्हा स्कूटरच्या हुकाला लटकवलेल्या पिशवीतला सुक्या सुंगटांचा वास रस्ताभर माझ्यासोबत येत होता. वाटेत एक भंगार अड्डा आहे. तिथं थांबल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. गंजके पत्रे, फुटक्या बादल्या आणि बंद पडलेल्या वॉशिंग मशीनच्या ढिगात माझी नजर आधी जुन्या सायकलींची चाकं शोधते. त्या दिवशी चाक एकच दिसलं, पुढचं. त्याच्यामागे काळी फ्रेम. मडगार्डच्या कडेनं गेलेली सोनेरी रेघ अजून शाबूत. मागचं चाक नव्हतं, दिवा नव्हता, घंटी नव्हती, सीट नव्हती, पायडलचं मोठं चक्रसुद्धा नव्हतं. हँडलखालच्या नळीवरून बोट फिरवलं तर दोन बारीक भोकं लागली. त्यांच्याभोवती ढालीच्या आकाराचा एक डाग होता, बाकीच्या रंगापेक्षा जास्त काळा, ओला वाटावा इतका चकचकीत. तिथं कित्येक वर्षं धातूचा बिल्ला बसलेला होता. ऊन, पाऊस, खारा वारा यांतलं काहीच तेवढ्या जागेला लागलं नव्हतं.

“एक जण आला होता,” अड्डेवाला म्हणाला. “सामान सोडवून घेऊन गेला. सांगाडा नको बोलला.”

सांगाडा मी किलोच्या भावानं घेतला.

घरी आणून मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपटात, टेकवून ठेवला आणि राखेलानं, म्हणजे रॉकेलनं, पुसायला बसले, तेव्हा लक्षात आलं की सामान काढणारा हात अडाणी नव्हता. ब्रेकच्या सळ्या त्यानं कापल्या नव्हत्या, जोडावर सोडवल्या होत्या. बिल्ल्याचे रिवेट असे काढले होते की भोवतालच्या रंगाला ओरखडासुद्धा नाही. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, काढताना तो एक्सलवर धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनेवर हातोडी घातलेली नव्हती, दाबून काढलेल्या खुणा होत्या. ज्यानं हे केलं त्याला या वस्तूंची किंमत माहीत होती, त्यांच्याबद्दल माया होती, आणि बहुधा माझ्यासारखाच तोही रात्री जागून जुन्या दिव्यांच्या काचा पुसत असणार. कुणी घण घालून तोडलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. इतक्या हळुवार हातांनी कुणी अख्खी सायकल विस्कटू शकतं, ही गोष्ट मनातून जाईना.

सायकलीचं नाव हँडलखालच्या नळीवर असतं आणि वय मागच्या चाकाच्या पोटात. निदान इंग्लंडच्या तीन गिअरवाल्या सायकलींचं तरी. नॉटिंगहॅमला रॅले या सायकल कंपनीच्या छत्राखाली बनणाऱ्या स्टर्मी-आर्चर हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, कारखान्यातच महिना आणि वर्ष ठोकलेलं असायचं. त्यांचं तीन गिअरचं पहिलं हब १९०२ सालचं. १९३६ मध्ये आलेलं एडब्ल्यू हे मॉडेल इतकं टिकाऊ निघालं की आज साठ-सत्तर वर्षं पडून राहिलेल्या हबमध्येही पातळ तेल सोडलं आणि दोन दिवस वाट पाहिली तर आतली चक्रं बहुतेक वेळा जागी होतात. वेग घेतला की त्यातून टिकटिक ऐकू येते. ती मला झोपेतही ओळखता येईल. फ्रेमवरच्या नंबरावरून रॅलेचं साल काढायला बसलात तर डोकं फिरतं, पण हब सरळ सांगून टाकतं. म्हणजे या माणसानं बिल्ला नेला तेव्हा सायकलीचं नाव गेलं आणि मागचं चाक नेलं तेव्हा तिची जन्मतारीख गेली.

तरी ती रॅलेच, हे मला कळलं. चिमट्याच्या माथ्याची ती दोन गोल टोकं एक खूण. दुसरी खूण पायडलच्या एक्सलच्या नळीत. बाकीच्या इंग्रजी सायकलींचे तिथले आटे इंचाला २४ असतात, रॅले मात्र हट्टानं २६ ठेवत आली. आटे मोजायची पट्टी लावली, २६ चे दात बिनतक्रार बसले. चक्र असतं तर हे मोजणंही लागलं नसतं, कारण त्यात बगळे कापलेले असतात, बिल्ल्यावर असतो तोच बगळा. म्हणून तर ते चक्रही गेलं.

अशा सायकली गोव्यात कशा आल्या हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर भारतात बाहेरच्या मालावर बंधनं आली आणि सायकली इथंच बनू लागल्या. आसनसोलला सेन-रॅले, सोनपतला अ‍ॅटलस, लुधियानाला हीरो. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर भारतानं नाकेबंदी केली तरी मुरगाव बंदर चालूच होतं. खनिज बाहेर जायचं आणि त्या पैशांवर युरोपातला माल आत यायचा. म्हणून बेळगावात जी गोष्ट डोळ्यांनी दिसणं मुश्कील झालं होतं ती मडगावात दुकानाबाहेर उभी असायची. डिसेंबर १९६१ नंतर ती वाट बंद झाली. आलेल्या सायकली मात्र राहिल्या. जमीनदार भाटकारांच्या बाल्कांवमागे, म्हणजे ओसरीमागे, भाताच्या कोठीशेजारी, कुठं बोटीवरून परतलेल्या तारव्याच्या खोलीत चादरीखाली. त्यांतल्या बऱ्याच जणींना पुढच्या पिढीनं हात लावला नाही, कारण तोवर स्कूटर आली होती. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. न हाताळलेल्या लोखंडाला तेवढं पुरतं.

आमच्याकडे रॅले नव्हती. बाबांची हर्क्युलस होती, अंबत्तूरच्या कारखान्यातली. म्हणजे इंग्रजी नावाची मद्रासी सायकल. बाबा पेटी वाजवायचे. भजनाला, सप्त्याला, जत्रेतल्या नाटकांना. मये, नार्वे, पिळगाव, कुडणे, कुठूनही बोलावणं आलं की संध्याकाळी चहा घेऊन ते पेटी बांधायला बसत. पेटीखाली जुनी गोधडी घडी घालून, वरून फाटक्या ट्यूबच्या कापलेल्या दोन पट्ट्या आवळून. भाता दाबला जाऊ नये म्हणून गाठ नेहमी डावीकडे. मी ती पट्टी ताणून धरायची आणि त्यांनी गाठ मारायची, हे आमचं ठरलेलं काम. पहाटे परत येताना त्यांच्या आधी चेनकव्हरचा आवाज यायचा. मातीच्या रस्त्यावरून खडखडत येणारा तो आवाज आई चुलीपुढून ओळखायची आणि पाण्याचं भांडं बाहेर आणून ठेवायची. सायकल भिंतीला टेकली की बाबा आधी पेटी सोडवत, मग चपला.

त्याच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून मी अर्धं पायडल मारायला शिकले. फ्रॉक चेनमध्ये अडकून फाटला तेव्हा आई माझ्यावर ओरडली आणि बाबांनी चेनमधून कापडाचा एकेक धागा चिमट्यानं ओढून काढला, जणू आम्हां दोघींपैकी जास्त सायकलीलाच लागलं होतं.

बाबा गेल्यावर ती मांगरात उभी होती. तिच्यापासूनच माझं हे सगळं सुरू झालं. डिचोलीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मी ती घेऊन गेले आणि ‘ओव्हरऑइलिंग करून द्या’ म्हटलं. त्यांनी सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवून कान लावला आणि म्हणाले, “बाय, मी करून देईन. पण तुझ्या बापायची सायकल आहे. बस इथं, तूच कर.” मग त्यांनी दोन रिकामे डबे माझ्यापुढं ठेवले. डाव्या बाजूचं सामान डाव्या डब्यात, उजव्या बाजूचं उजव्यात. छर्रे नवे घालायचे, ते काही जपायचे नाहीत. पण कोन, म्हणजे एक्सलवरचा निमुळता तुकडा, हबच्या ज्या वाटीत फिरला त्याच वाटीत परत गेला पाहिजे. कारण इतकी वर्षं एकमेकांवर घासून दोघांचे चेहरे एकमेकांना ओळखीचे झालेले असतात, असं ते म्हणत. डावा कोन उजवीकडे बसवला तर बसतो, चाकही फिरतं, पण हातात धरलेल्या एक्सलला बारीक करकर जाणवते. मी मुद्दाम करून पाहिलं. जाणवते.

नंतर हीच गोष्ट सायकलभर दिसायला लागली. जुन्या चक्रावर नवी चेन घाला, ती चढावर उडी मारते, कारण चक्राचे दात जुन्या चेनच्या मापानं झिजलेले असतात. बदलायचं तर दोन्ही बदला, नाहीतर दोन्ही राहू द्या. कॉटर पिनेचा सपाट भाग कानशीनं घासून घासून त्या एका क्रँकसाठी बसवलेला असतो. दोन्ही बाजूंचं घासणं सारखं नसेल तर पायडलं एका रेषेत राहत नाहीत आणि पाय दर फेऱ्याला अडखळतो. डाव्या पायडलचे आटे उलटे, हे लक्षात न ठेवता जोर लावणारे कितीतरी क्रँक मारून टाकतात. चामड्याची सीट तर एकाच माणसाची होते. ब्रुक्सची सीट आधी दगडासारखी असते. मग महिनोन्महिने बसून बसून हाडांच्या जागी दोन खळगे पडतात आणि त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला सोसत नाही. बाबांच्या सीटला उजवीकडचा खळगा जास्त खोल आहे. उजव्या हाताला पेटीचे सूर आणि डाव्या हाताला भाता, जन्मभर तसंच बसून त्यांचं शरीर किंचित उजवीकडे कललेलं होतं. सायकलीवरही ते तसेच बसत असणार. हे मला त्यांच्या हयातीत कधी दिसलं नाही. चामड्यानं सांगितलं.

आणि कॅरिअर. त्यावर आडवे दोन पट्टे आहेत, ट्यूबच्या पट्ट्या आवळून आवळून रंग गेलेले, खालचं लोखंड गुळगुळीत झालेलं. मिस्त्रींनी बाकी सगळ्याला हात लावू दिला, कॅरिअरला लावला नाही. मी घासायचा पॉलिश पेपर हातात घेतला तेव्हा त्यांनी काही न बोलता तो काढून घेतला.

रंगाच्या बाबतीत माझं मत तिथंच पक्कं झालं. लोकांना चकचकीत आवडतं. पावडर कोटिंग करून, सगळं क्रोम नव्यानं चढवून, आरशासारख्या केलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मालकांनी खूप कष्ट घेतलेले असतात हे मला दिसतं, पण त्यांच्याजवळ उभं राहून मला काहीच ऐकू येत नाही. कारखान्यातला मूळ भट्टीचा रंग आणि हातानं ओढलेली सोनेरी रेघ एकदा गेली की गेली. तिची नक्कल करता येते, ती रेघ येत नाही. लोखंड सडून भोक पडलं असेल तर रंगाला पर्याय नाही, तिथं मी हट्ट धरत नाही. पण वरवरचा गंज असेल तर त्याला घाई करायची नसते. आमच्या अंगणात बिमलांचं झाड आहे. ती आंबट बिमलां कुटून त्यांच्या लगद्यात गंजलेले नट, रिमचे तुकडे रात्रभर ठेवले की सकाळी गंज सुटून येतो आणि खालचं क्रोम, असेल तेवढं, तसंच राहतं. बाजारात मिळणारं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड हेच करतं आणि बिमलांत ते निसर्गानंच भरून ठेवलेलं आहे. पितळेच्या घंटीला चिंच किंवा सोलां, जशी देवाची भांडी उजळतात तशीच. सीटला मात्र तेल पाजायचं नाही, ती लोळागोळा होते. कोरड्या फडक्यानं बुरशी पुसायची आणि मेण लावून वाऱ्याला ठेवायची. पावसाळ्यात हे दर आठवड्याचं काम.

हब उघडताना मला सगळ्यात जास्त आनंद होतो. जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं आणि त्यात त्या गावाची माती बसलेली असते. आमच्याकडच्या, खाणीच्या पट्ट्यातल्या सायकलीचं ग्रीस लालभडक निघतं, राखेलाचं भांडं गढूळ होऊन जातं. किनाऱ्याकडच्या सायकलीत रेतीचे कण बोटांना लागतात आणि एक्सलवर मिठानं खाल्लेले बारीक खड्डे असतात. कुळागरातल्या घरात राहिलेली एक सायकल उघडली तेव्हा आतून वाळक्या सुपारीचा तुकडा निघाला होता, उंदराचं काम. हे सगळं धुऊन टाकावं लागतं. दर वेळी धुताना थोडं वाईट वाटतं.

माझ्या मांगरात एक मांडणी आहे, तिच्याकडे बघून कुणी विचारेल की मग हे काय? बिस्किटांच्या डब्यांत कॉटर पिना, कोन, घंट्यांची झाकणं, ब्रेकच्या सळ्यांचे जोड, तुटक्या दिव्यांच्या काचा. हे सगळं कुठल्या ना कुठल्या सायकलीतून आलेलं आहे. त्याशिवाय भागतच नाही. साधी रोडस्टर सायकल दुरुस्त करणं अजून अवघड नाही, कारण लुधियानात अजून त्याच जुन्या इंग्रजी मापांचं सामान बनतं. अठ्ठावीस दीडचा टायर, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक, कॉटर, सळईचे ब्रेक. आमच्या वाड्यावर पाव घेऊन येणारा पोदेर जी सायकल चालवतो तिचे अर्धेअधिक भाग बाबांच्या हर्क्युलसला बसतात. भोंगा वाजवत तो पहाटे आला आणि त्याचं एखादं पायडल खिळखिळं दिसलं तर मी त्याला थांबवून कॉटर ठोकून देते. पोयांच्या टोपलीवरचा निळा प्लास्टिकचा कागद सरकवून मग तो मला एक जास्तीची गरम पोय देतो. पण रॅलेच्या २६ आट्यांची वाटी लुधियानात मिळत नाही. ती दुसऱ्या एखाद्या रॅलेमधूनच काढावी लागते. म्हणजे एकीला उभं करायला दुसरी मेलेली हवी. मी नियम असा ठेवला आहे की जी पुन्हा चालू शकत नाही तिच्यातूनच घ्यायचं. विहिरीत पडलेली, फ्रेम मोडलेली, कुंपणात जाळीसारखी बांधून सडलेली. उभी राहू शकते तिच्यातून नाही.

नियम सोपा वाटतो. पण उभी राहू शकते की नाही हे ठरवणारी मीच असते, आणि एखाद्या दुर्मीळ भागाची ओढ लागली की समोरची सायकल आपोआप जास्त मेलेली दिसू लागते. त्या अड्ड्यावरच्या माणसानंही असंच स्वतःला सांगितलं असेल का? आणि त्याचंही चूक म्हणावं का? त्यानं हब नेलं नसतं तर कदाचित माझ्या आधी ट्रक आला असता आणि सगळंच भट्टीत गेलं असतं. आता ते हब निदान कुठल्यातरी कपाटात तेल पिऊन स्वस्थ आहे. त्याच्या जागी मी त्याला उभं करून पाहते, त्याच्या बाजूनं बोलून पाहते, आणि तरीही माझं मन त्याला सोडत नाही. फोनवर फोटो टाकले की बगळ्याचा बिल्ला वेगळा विकला जातो, दिवा वेगळा, हब वेगळं, सीट वेगळी. सुट्या भागांची बेरीज अख्ख्या सायकलीपेक्षा मोठी होते. त्या बेरजेत फ्रेमला काहीच मोल उरत नाही. ती एकटी किलोवर जाते, जरी तिनंच या सगळ्यांना इतकी वर्षं धरून ठेवलेलं असलं.

दिवाडीची गोष्ट यात नीट बसत नाही, पण ती सांगायला हवी. जुन्या गोव्याहून फेरीनं पलीकडे गेले होते, एका घरात हंबर नावाची जुनी इंग्रजी सायकल आहे असं कळलं म्हणून. घर मोठं, ऑयस्टर शिंपल्यांच्या खिडक्या अर्ध्या मिटलेल्या. आंटी एकटीच राहते. लेक इंग्लंडात स्विंडनला, तिथं आपली कितीतरी गोंयकार कुटुंबं गेली आहेत. सायकल तिच्या नवऱ्याची. हंबरचा तो दुहेरी नळ्यांचा चिमटा पाहून माझा श्वास अडकला होता, सगळं जिथल्या तिथं, पंपसुद्धा. दांड्यावर एक छोटी लाकडी बैठक बसवलेली होती, इथल्याच कुठल्यातरी सुताराच्या हातची, वर फुलांच्या कापडाची गादी. व्यवहार ठरला, आंटीनं चहा दिला, आणि मी सायकल बाहेर काढायला लागले तेव्हा ती म्हणाली, “सायकल व्हर गो बाये, पूण ही बसका हांगाच रांव दी.” लेक लहानपणी त्या बैठकीवर बसून इगर्जीला, म्हणजे चर्चला, जायची.

मी तिथंच पायरीवर बसून चार स्क्रू सोडवले. अख्ख्या सायकलीतून एक भाग माझ्याच हातानं काढला आणि मला ते अजिबात चुकीचं वाटलं नाही. ती बैठक सायकलीपेक्षा त्या आंटीबरोबर जास्त झिजलेली होती. फेरीवर परत येताना हंबर कठड्याला टेकवून उभी होते. खाली मांडवीचं पाणी, खारफुटीचा वास. तिच्या दांड्यावर त्या बैठकीच्या पट्टीचे दोन दाब उमटलेले दिसत होते. तेही मी तसेच ठेवले आहेत.

गेल्या हिवाळ्यात कुडाळचा एक मुलगा माझा पत्ता काढत आला. आजोबांची सायकल करायला घेतली आहे म्हणाला. पिशवीतून त्यानं दोन वस्तू काढल्या, कापडात गुंडाळलेल्या. पुढच्या चाकाच्या हबमध्येच बसलेला डायनामो असतो, डायनोहब, त्याचं जाड चुंबकाचं कडं आणि आतला तारांचा गोळा. ऑनलाइन घेतलं होतं, असंच सुटं करून पाठवलेलं, घासून चमकावलेलं. “ताई, बसवलं, पण लाइट पडत नाही. अगदी लालसर पेटतो.” मी ते कडं हातात घेतलं आणि पान्ह्याजवळ नेलं. ओढ होती, पण तिच्यात दम नव्हता.

स्टर्मी-आर्चरचं हे चुंबक कधीही एकटं ठेवायचं नसतं. तारांचा गोळा आणि त्याचं लोखंड आत असतं तोवर चुंबकाच्या रेषा त्या लोखंडातून फिरून परत येतात. गोळा बाहेर काढायचाच असेल तर त्याला ढकलत ढकलत त्याच्या जागी लोखंडी कडं सरकवायचं, मधे क्षणभरही मोकळी जागा राहू द्यायची नाही. नुसतं उपटून वेगळं केलं की चुंबकाची बरीच ताकद तिथल्या तिथं जाते, आणि पुन्हा एकत्र बसवलं तरी ती परत येत नाही. हे त्याला सांगताना त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं काही चूक केलेली नव्हती. विकणाऱ्यानं बहुधा साफ करण्यासाठी, फोटोत छान दिसावं म्हणून, दोन्ही वेगळं केलं असणार. आणि त्या विकणाऱ्याच्या आधी कुणीतरी अख्ख्या चाकातून ते काढलं असणार. त्या अख्ख्या चाकाची सायकल आज कुठल्या अड्ड्यावर आहे कोण जाणे. मुलाला मी दुसऱ्या एका, चुलीच्या धुरात काळ्या झालेल्या, कधीच न उघडलेल्या डायनोहबचं अख्खं चाक दिलं. पैसे घेतले नाहीत. त्याच्या आजोबांची सायकल उभी राहू शकणारी होती, माझ्या मांडणीवरचं चाक तेवढं एकटंच होतं. अंगणात त्यानं चाक हातानं जोरात फिरवलं आणि तारांना छोटा बल्ब धरला. भर दुपारी पेटलेला तो बल्ब बघून तो असा हसला की मीही हसले.

तेव्हापासून मी एक काम नेमानं करते. सायकल पूर्ण झाली की सीटचा दांडा बसवण्याआधी एक कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटखालच्या नळीत सोडते. पुढं कधी कुणी तिला उघडलं तर कळावं, काय मूळचं आहे आणि काय पाहुणं. कोणता भाग कुठल्या गावच्या सायकलीतून आला, कुठला लुधियानाचा नवा, कोणता कोन कोणत्या वाटीचा. पुतणी हल्ली मांगरात येऊन बसते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, म्हणून सांगते मी आणि लिहिते ती. अड्ड्यावरून आणलेल्या रॅलेचा कागद अजून अर्धाच आहे. मागचं चाक मिळालेलं नाही. बिल्ला मात्र मी शोधणार नाही, कारण मिळालाच तर तो दुसऱ्या कुठल्यातरी नळीवरून काढलेला असेल.

बाबांच्या हर्क्युलसचा कागद परवा पुन्हा नव्यानं लिहिला, जुना ओलीनं चिकटला होता. पुतणीनं विचारलं, किती लिहायचं? म्हटलं, लागेल तेवढंच. मग तिनं लिहिलं: मागच्या हबचे दोन्ही कोन मूळचे, जागा बदलू नयेत. चेन आणि पुढचं चक्र एकत्रच बदलावं. उजवी कॉटर नवी, घासून बसवलेली, डावी जुनी. घंटीचं वरचं झाकण साखळी गावच्या एका मोडलेल्या सायकलीचं. सीट बदलू नये. बसायला त्रास झाला तर वर फडकं घालावं. कॅरिअरवर पट्टे आहेत, ते पेटीचे. घासू नये, रंग देऊ नये.

“पेटी कुणाची तेही लिहू?” तिनं विचारलं.

म्हटलं, लिही. पूर्ण नाव लिही, आणि गाठ डावीकडे मारायची हेही.